खेळांची नाणी आणि रिकामे खजिने

खेळांच्या स्मरणार्थ काढलेली नाणी दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारातले नाणे यजमान देश स्वतःच्या स्पर्धेसाठी काढतो. त्याच्या टांकसाळीत ते पडते, बँकेतून लोकांच्या हाती येते, भाजीवाल्याच्या गल्ल्यात जाते आणि वर्षानुवर्षे फिरून गुळगुळीत होते. दुसऱ्या प्रकारातले नाणे एखाद्या अडचणीतल्या देशाच्या नावाने परक्या देशातल्या खासगी टांकसाळीत पाडले जाते, मखमली पेटीत बंद होते आणि तिसऱ्याच देशातल्या संग्राहकाला विकले जाते. ज्या देशाचे नाव आणि राजचिन्ह त्यावर असते, तिथल्या नागरिकाला ते कधी दिसतही नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दुसऱ्या प्रकारच्या नाण्यांचा मोठा जागतिक व्यापार उभा राहिला. परकीय चलनाची टंचाई असलेल्या भारतानेही त्याच काळात संग्राहकांसाठी नाणी काढली. पण मुंबईच्या टांकसाळीने धरलेली वाट वेगळी होती आणि तिचे वेगळेपण समजून घेण्यासारखे आहे.

दर्शनी मूल्य, धातू आणि नफा

नाण्यावर छापलेली किंमत म्हणजे दर्शनी मूल्य. नाणे पाडायला येणारा खर्च त्याहून कमी असेल, तर उरलेला फरक सरकारचा नफा ठरतो. हा नफा राज्यकर्त्यांना प्राचीन काळापासून ठाऊक आहे. मात्र चलनी नाण्यामागे एक जबाबदारीही असते. ते कधी ना कधी बँकेत वा करभरण्यात परत येणार आणि तेव्हा सरकारला ते पूर्ण किमतीला स्वीकारावे लागणार.

संग्राहकासाठी काढलेल्या नाण्यात ही जबाबदारी जवळपास नाहीशी होते. संग्राहक नाणे खर्च करत नाही, जपून ठेवतो. त्यासाठी तो दर्शनी मूल्याहून आणि धातूच्या भावाहून कितीतरी जास्त पैसे मोजतो. सरकारच्या दृष्टीने ही निर्यातच. ती करायला शेत लागत नाही, कारखाना लागत नाही, फक्त सार्वभौम देश म्हणून असलेले नाव पुरते. ज्या देशाकडे विकण्याजोगा माल थोडा आणि देणी मोठी, त्याला हा मार्ग मोहक वाटला यात नवल नाही.

त्यासाठी खेळ हा विषय सोयीचा होता. राजे आणि राष्ट्रपिते आपापल्या देशातच ओळखीचे असतात. ऑलिम्पिक आणि फुटबॉलचा विश्वचषक मात्र सगळ्या जगाला माहीत असतो. नाणी गोळा न करणारा क्रीडाप्रेमीही आठवण म्हणून एखादे नाणे घेतो. शिवाय स्पर्धा दर चार वर्षांनी येते, म्हणजे नवी मालिका काढायला निमित्त कायमचे मिळते.

ऑलिम्पिकने दाखवलेली वाट

आधुनिक ऑलिम्पिकचे पहिले स्मारक नाणे फिनलंडने हेलसिंकी येथील १९५२ च्या स्पर्धेसाठी काढले. ते ५०० मार्काचे चांदीचे नाणे होते. १९६४ मध्ये ऑस्ट्रियाने इन्सब्रुकच्या हिवाळी स्पर्धेसाठी आणि जपानने टोकियोच्या स्पर्धेसाठी चांदीची नाणी काढली. १९६८ मध्ये मेक्सिकोने २५ पेसोचे नाणे काढले.

खरा बदल १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकने घडवला. पश्चिम जर्मनीने १० मार्काची सुमारे १० कोटी चांदीची नाणी पाडली. त्यातल्या चांदीची किंमत दर्शनी मूल्याहून बरीच कमी होती, त्यामुळे सरकारला मोठा नफा झाला आणि तो स्पर्धेच्या खर्चाकडे वळवता आला. पहिल्या नाण्यावर स्पर्धा ‘जर्मनीत’ भरत असल्याचा मजकूर होता. पूर्व जर्मनीने त्याला हरकत घेतल्यावर पुढच्या नाण्यांवर ‘म्युनिकमध्ये’ असे कोरण्यात आले. शीतयुद्धाच्या काळात नाण्यावरच्या एका शब्दालाही राजकीय वजन होते.

म्युनिकचे यश पाहून कॅनडाने माँट्रियलच्या १९७६ च्या स्पर्धेसाठी मोठी योजना आखली. १९७३ ते १९७६ या काळात ५ आणि १० डॉलरची २८ वेगवेगळी चांदीची नाणी आणि वर १०० डॉलरची सोन्याची नाणी निघाली. तरीही माँट्रियलच्या स्पर्धेचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. स्पर्धेच्या खर्चाला नाणी हातभार लावतात, तो पेलत नाहीत, हे तेव्हाच दिसून आले होते.

सोव्हिएत संघाने मॉस्कोच्या १९८० च्या स्पर्धेसाठी चांदीची २८ नाणी काढलीच, शिवाय सोने आणि प्लॅटिनमचीही नाणी काढली. रूबल हे चलन देशाबाहेर चालत नव्हते. नाण्याच्या रूपाने मात्र तेच रूबल पश्चिमेकडे डॉलर आणि मार्क घेऊन विकले जाऊ लागले. पुढे अफगाणिस्तानातील सैन्यामुळे अमेरिका, पश्चिम जर्मनी आणि जपान यांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला, आणि नेमके हेच देश संग्राहकांचे मोठे बाजार होते.

१९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकआधी अमेरिकेतही खासगी कंपन्यांच्या हाती विक्री सोपवून २९ नाण्यांची मालिका काढण्याचा प्रस्ताव आला होता. संसद सदस्य फ्रँक अनुन्झिओ यांनी त्याला कडाडून विरोध केला. शेवटी चांदीची एक डॉलरची दोन नाणी आणि सोन्याचे १० डॉलरचे एक नाणे, एवढीच तीन नाणी सरकारी टांकसाळीने काढून स्वतः विकली. चांदीच्या प्रत्येक नाण्यामागे १० आणि सोन्याच्या नाण्यामागे ५० डॉलर अधिभार होता. त्यातून खेळांसाठी सुमारे ७.३ कोटी डॉलर जमले. अधिभार किती आणि तो कुठे जाणार, हे खरेदीदाराला आधीच कळत होते. विक्रीवर संसदेचे लक्ष असेल, तर खासगी दलालाशिवायही हे काम होऊ शकते, हे या योजनेने दाखवले.

आखातातले रियाल आणि कोकणातली माणसे

या व्यापाराचा एक आरंभबिंदू कोकणी माणसाच्या ओळखीच्या मुलखात आहे. आखातातल्या छोट्या अमिरातींत १९६६ पर्यंत भारतीय रुपया हेच रोजचे चलन होते. आखातात सोने घेऊन ते चोरट्या मार्गाने भारतात आणायचे आणि तिथे साठलेल्या नोटांच्या बदल्यात भारताकडून पौंड घ्यायचे, हा प्रकार वाढल्यावर १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. त्यानंतर त्या मुलखाने रुपया सोडला आणि दुबईसह बहुतेक अमिरातींत कतार व दुबईचा रियाल चालू लागला.

शारजाने १९६४ मध्ये अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या स्मरणार्थ चांदीचे नाणे काढले. त्यावर दर्शनी मूल्य होते ५ रुपये. शारजाच्या बाजारात तेव्हा रुपया चालत होता, पण हे नाणे त्या बाजारासाठी नव्हतेच. ते परदेशातल्या संग्राहकांसाठी होते. १९६९ आणि १९७० या वर्षांत फुजैरा, रास अल-खैमा, अजमान, शारजा आणि उम्म अल-कुवैन यांच्या नावांनी ‘रियाल’ किमतीची चांदी-सोन्याची नाणी मोठ्या संख्येने बाहेर पडली. फुजैराच्या नाण्यांत म्युनिक ऑलिम्पिकचे नाणे होते, तेही स्पर्धेच्या कितीतरी आधी. रास अल-खैमाच्या नावाच्या नाण्यांवर रोम ही इटलीची राजधानी झाल्याची शताब्दी आणि इटलीचे खेळाडू झळकले. वाळवंटाच्या कडेच्या त्या बंदरांचा रोमशी वा फुटबॉलच्या मैदानाशी काही संबंध नव्हता. ग्राहक युरोपात होता, म्हणून विषयही युरोपातला निवडला गेला.

तेलाचा पैसा या अमिरातींपर्यंत तेव्हा पोचलेला नव्हता. अबू धाबी आणि दुबईला तेल लागले होते. इतरांकडे मासे, खजूर, थोडा व्यापार आणि टपाल तिकिटे एवढेच उत्पन्न होते. संग्राहकांसाठी छापलेल्या तिकिटांतून मिळणाऱ्या पैशाची त्यांना सवय होती, नाणी ही त्याची पुढची पायरी ठरली. डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती स्थापन झाली, १९७३ मध्ये दिरहम आला आणि वेगवेगळ्या अमिरातींच्या नाण्यांचा हा अध्याय संपला.

सत्तरच्या दशकापासून रत्नागिरी, चिपळूण, दापोली, राजापूर या भागांतली असंख्य माणसे आखातात नोकरीला गेली. कोणी बांधकामावर, कोणी दुकानात, कोणी बोटीवर. सुट्टीवर येताना खिशात राहिलेले दिरहम आणि फिल्स घरोघरी आले. आजही कोकणातल्या कपाटांतून ही नाणी सापडतात. फुटबॉलपटूंचे रियाल मात्र त्यांत सापडत नाहीत. ज्यांनी त्या मुलखात घाम गाळला आणि तिथल्या पैशाने कोकणात घरे बांधली, त्यांच्या हाती ते कधी पडलेच नाहीत. तिथल्या बाजारात ती नाणी नव्हतीच, याचा याहून साधा पुरावा शोधायला नको.

करार कसा होत असे

या व्यवहाराची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असे. एखादी खासगी टांकसाळ किंवा वितरक कंपनी सरकारकडे प्रस्ताव घेऊन येई. ठसे घडवणे, धातू विकत घेणे, नाणी पाडणे, जाहिरात आणि विक्री हा सगळा खर्च कंपनीचा. सरकारने एवढेच करायचे की राजपत्रात घोषणा काढून त्या नाण्याला कायदेशीर चलनाचा दर्जा द्यायचा. मोबदल्यात विकलेल्या प्रत्येक नाण्यामागे ठरलेली रॉयल्टी मिळे. सरकारच्या दृष्टीने जोखीम शून्य होती आणि हातात येणारा पैसा परकीय चलनात होता.

कायदेशीर चलनाचा हा दर्जाच कंपनीला हवा असे. चांदीची चकती कोणीही पाडू शकतो, पण तिला पदक म्हणतात आणि पदकाला बाजारात मर्यादित किंमत येते. तीच चकती एखाद्या देशाचे नाव आणि दर्शनी मूल्य घेऊन आली की ती नाणे होते, जगभरच्या नाणे-सूचींत तिला क्रमांक मिळतो आणि संग्राहकाला आपल्या संग्रहातली ती जागा भरावीशी वाटते. म्हणजे सरकार खरे तर आपले सार्वभौमत्व थोड्या दराने भाड्याने देत होते.

या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव म्हणजे १९६४ मध्ये जोसेफ सीगल यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्थापन केलेली फ्रँकलिन मिंट. पनामा, ट्युनिशिया, बहामा, बार्बाडोस, बेलीझ, पापुआ न्यू गिनी अशा अनेक देशांसाठी तिने नाणी पाडली. ब्रिटनमध्ये पोबजॉय मिंट ही खासगी टांकसाळ अशीच नावारूपाला आली. ती २०२३ मध्ये बंद झाली. पनामाने १९७० मध्ये मध्य अमेरिकी आणि कॅरिबियन स्पर्धांसाठी ५ बाल्बोआचे नाणे काढले, ते फ्रँकलिन मिंटमध्ये पाडले गेले. पनामात रोजचा व्यवहार अमेरिकी डॉलरमध्ये चालतो. तरी त्या स्पर्धा पनामातच झाल्या होत्या, त्यामुळे नाण्याला निदान स्वतःचे कारण होते.

विषुववृत्तीय गिनीचे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे आहे. १२ ऑक्टोबर १९६८ रोजी स्पेनकडून स्वतंत्र झालेला हा छोटा आफ्रिकी देश फ्रान्सिस्को मासियास एनगुएमा यांच्या क्रूर राजवटीखाली गेला. १९७० मध्ये या देशाच्या नावाने चांदी-सोन्याच्या नाण्यांची लांबलचक मालिका निघाली. तिच्यात फुटबॉलचा विश्वचषक होता, गोया या स्पॅनिश चित्रकाराचे चित्र होते, लेनिन होते, लिंकन होते आणि ७५ पेसेटांच्या नाण्यावर महात्मा गांधीही होते. अहिंसेचा पुरस्कर्ता अशा राजवटीच्या नाण्यावर यावा, ही गोष्ट कोणाही भारतीयाला अस्वस्थ करणारी आहे. मालिका काढणाऱ्यांनी हिशेब फक्त गिऱ्हाइकांचा केला होता. इटालियन, रशियन, अमेरिकी, भारतीय, प्रत्येकासाठी त्यात काहीतरी होते. त्या देशाच्या माणसांसाठी मात्र फारच थोडे होते.

हैतीची कहाणी थोडी वेगळी आहे. दुवालिए पितापुत्रांच्या हुकूमशाहीत या गरीब देशाने संग्राहकांसाठी बरीच नाणी काढली. त्यांत १९७३ साली काढलेले १९७४ च्या फुटबॉल विश्वचषकाचे नाणेही होते. पण हैतीचा संघ त्या विश्वचषकात खरोखर खेळला. एमॅन्युएल सानॉन याने इटलीविरुद्ध गोल करून गोलरक्षक दिनो झॉफची दीर्घकाळ टिकलेली अभेद्यता मोडली. देशाला अभिमान वाटावा असा हा क्षण. त्या विश्वचषकाचे नाणे मात्र हैतीच्या गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोराच्या हाती येण्यासाठी काढलेलेच नव्हते.

क्युबा, सोमालिया, न्युए आणि भूतान

क्युबाने या व्यवहाराला सरकारी उद्योगाचे रूप दिले. हवानातल्या टांकसाळीने ऐंशी-नव्वदच्या दशकांत चांदीची असंख्य स्मारक नाणी पाडली. १९८२ च्या स्पेनमधल्या विश्वचषकासाठीही क्युबाने नाणी काढली. क्युबाचे स्वतःचे खेळ म्हणजे बेसबॉल आणि बॉक्सिंग, आणि फुटबॉल विश्वचषकात तो देश १९३८ नंतर खेळलेला नव्हता. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे तिथला बाजार बंद होता, म्हणून युरोपच्या ग्राहकावर भिस्त होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळून मदतीचा ओघ थांबला आणि अन्नधान्यापासून इंधनापर्यंत टंचाई झाली, तेव्हा परकीय चलन देणारा प्रत्येक छोटा मार्गही क्युबाला मोलाचा होता. इथे एक गोष्ट क्युबाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. टांकसाळ त्यांची, कारागीर त्यांचे, त्यामुळे कमाईचा मोठा वाटा देशातच राहण्याची शक्यता होती.

सोमालियात १९९१ मध्ये केंद्रीय सत्ताच कोसळली. तरी सोमालियाच्या नावाची संग्राहक-नाणी बाहेर पडत राहिली. २००४ मध्ये गिटारच्या आकाराची रंगीत नाणी निघाली आणि त्यांवर दर्शनी मूल्य डॉलरमध्ये होते. सोमालियाचे चलन शिलिंग आहे. ज्याच्या सरकारला राजधानीवरही ताबा ठेवता येत नव्हता, अशा देशाचे नाव नाण्यावर कोरले गेले, ही या व्यापाराची सर्वांत दुःखद अवस्था म्हणावी लागेल.

प्रशांत महासागरातल्या न्युए बेटाची वस्ती दोन हजारांच्या आसपास. तिथे न्यूझीलंडचा डॉलर चालतो. १९८७ पासून न्युएच्या नावाने जर्मन टेनिसपटू बोरिस बेकर आणि स्टेफी ग्राफ यांची नाणी निघाली. बेकर १९८५ मध्ये विम्बल्डन जिंकून जर्मनीत घराघरात पोचला होता आणि जर्मनी हा नाणेसंग्राहकांचा मोठा देश. पुढच्या काळात न्युएच्या नाण्यांवर चित्रपटांतली पात्रेही आली. इतक्या लहान लोकसंख्येच्या बेटासाठी रॉयल्टीची थोडी रक्कमही अर्थसंकल्पात दिसण्याइतकी मोठी असते. त्यामुळे न्युएला दोष देताना तिथल्या लोकांपुढे दुसरे पर्याय किती होते, याचाही विचार करावा लागतो.

शेजारच्या भूताननेही नव्वदच्या दशकात ऑलिम्पिक आणि विश्वचषकाची ३०० न्गुलत्रुमची चांदीची नाणी काढली. न्गुलत्रुमची किंमत भारतीय रुपयाइतकीच आहे आणि भूतानमध्ये रुपयाही चालतो. भूतानचा राष्ट्रीय खेळ तिरंदाजी. त्याच खेळातून तो १९८४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा उतरला. परदेशी ग्राहकाला काय हवे, यावर विषय ठरवायचा झाला की फुटबॉलच पुढे येतो.

श्रीलंकेने मात्र वेगळी निवड केली. क्रिकेटचा १९९६ चा विश्वचषक जिंकल्याच्या स्मरणार्थ १९९९ मध्ये त्या देशाने ५ रुपयांचे नाणे काढले. यादवी युद्धाच्या काळात लोकांच्या हाती आलेले हे नाणे संग्राहकाच्या पेटीसाठी नव्हते, ते बसच्या तिकिटासाठी होते.

मुंबईच्या टांकसाळीची वाट

मुंबईच्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेसमोर उभी असलेली टांकसाळ १८२४ ते १८२९ या काळात मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली बांधली गेली. दुसऱ्या देशाच्या नावाचे नाणे पाडण्याचा अनुभव तिला आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४०-४१ मध्ये ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसा हिच्या नावाचे, १७८० हे साल कोरलेले चांदीचे थालर इथे पाडले गेले, कारण पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातल्या व्यापारात तेच नाणे विश्वासाने घेतले जाई. ते नाणे बाजारात चालले, हा महत्त्वाचा फरक. पाडण्याची जागा परकी असणे हा दोष नव्हे. भारतानेही १९८५ मध्ये नाण्यांच्या टंचाईमुळे एक रुपयाची नाणी ब्रिटनमध्ये पाडून घेतली आणि ती इथल्याच बाजारात वापरली.

संग्राहकांची सेवाही या टांकसाळीला नवी नाही. ब्रिटिश काळातल्या जुन्या ठशांवरून मुंबई आणि कलकत्ता येथे संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडून दिली जात. ही प्रथा १९७० मध्ये बंद झाली. त्याच सुमारास नवी व्यवस्था सुरू झाली. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाली. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त २० पैसे, ५० पैसे, १ रुपया आणि १० रुपये अशी चार नाणी आली. त्यांपैकी १० रुपयांचे नाणे चांदीचे होते. त्या काळात मुंबईची टांकसाळ आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागाचे प्रूफ संचही काढत होती. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या दशकांत परदेशी संग्राहकाकडून येणारा पैसा स्वागतार्ह होता.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९६८ मध्ये नाण्यांची जागतिक योजना सुरू केली होती. सदस्य देशांनी शेती आणि अन्न हे विषय घेऊन नाणी काढावीत, ती लोकांच्या वापरात यावीत आणि संग्राहकांना विकून मिळणारा पैसा विकासाला लागावा, अशी ती कल्पना. भारत या योजनेत उत्साहाने उतरला. १९७० मध्ये ‘सर्वांसाठी अन्न’, १९७३ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’, १९७४ मध्ये कुटुंबनियोजन, १९७५ मध्ये महिला वर्ष असे विषय नाण्यांवर आले. एकाच विषयाची दोन रूपे असत. १०, २० वा ५० पैशांचे नाणे देशातल्या बाजारासाठी, आणि १०, २० वा ५० रुपयांचे चांदीचे नाणे संग्राहकासाठी. ज्या विषयाचे नाणे परदेशी संग्राहक पेटीत ठेवत होता, त्याच विषयाचे छोटे नाणे रत्नागिरीच्या बाजारात मासळी घेताना सुट्ट्यात येत होते.

खेळांच्या नाण्यांतही हाच नियम पाळला गेला. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात दिल्लीत नववी आशियाई स्पर्धा भरली. जंतरमंतरचे बोधचिन्ह असलेली २५ पैसे, २ रुपये, १० रुपये आणि १०० रुपये अशी चार नाणी निघाली. पहिली दोन चलनात आली. भारतात २ रुपयांचे नाणेच १९८२ मध्ये सुरू झाले, आणि आशियाई स्पर्धेचे नाणे हे त्याच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक. १०० रुपयांचे नाणे ३५ ग्रॅम वजनाचे, त्यात निम्मी चांदी, ते संग्राहकांसाठी. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेसाठी २, ५ आणि १०० रुपयांची नाणी निघाली. त्यांतही लहान नाणी बाजारासाठी आणि १०० रुपयांचे पेटीसाठी होते.

टिळक आणि आंबेडकर यांची नाणी

रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेल्या दोन थोर पुरुषांची नाणी याच पद्धतीने निघाली. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. त्यांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त २००७ मध्ये ५ रुपयांचे चलनी आणि १०० रुपयांचे संग्राह्य नाणे काढण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९९० मध्ये १ रुपयाचे नाणे आले. २०१५ मध्ये १० आणि १२५ रुपयांची नाणी प्रसिद्ध झाली.

१९९० चा तो रुपया महाराष्ट्रात कोट्यवधी हातांतून फिरला. अनेकांनी तो खर्च न करता देव्हाऱ्यात वा फोटोच्या चौकटीत ठेवला. त्यासाठी त्यांना कोणी जाहिरात केली नव्हती, पेटी दिली नव्हती, जादा किंमत लावली नव्हती. रुपयाचे नाणे रुपयालाच मिळाले. लोकांनी ते जपले, कारण त्यावरचा माणूस त्यांचा होता. स्मारक नाण्याचे खरे प्रयोजन इथे पूर्ण झाले.

लाभ कोणाला झाला

अडचणीतल्या सरकारांना या नाण्यांनी किती तारले, हे समजायला भारताचाच अनुभव उपयोगी पडतो. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आले, तेव्हा भारताने जवळपास ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे ठेवून सुमारे ४०.५ कोटी डॉलर उभे केले. लॉस एंजलिसची योजना जगातल्या सर्वांत श्रीमंत बाजारात राबवलेली, तरी तिच्यातून जमलेली रक्कम याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होती. मग दलालाकडून प्रत्येक नाण्यामागे थोडी रॉयल्टी घेणाऱ्या गरीब देशाचे संकट त्यातून कसे टळावे? न्युएसारख्या बेटाला त्याचा आधार झाला. लाखो-कोट्यवधी लोकसंख्येच्या देशाला मात्र तो आधार वाटला तरी तसा तो नव्हता. नफ्याचा मोठा वाटा टांकसाळी, वितरक आणि जाहिरातदार यांच्याकडे राहिला.

संग्राहकालाही बहुधा तोटाच झाला. विकत घेताना मोजलेली किंमत पुढे मिळत नाही. हौशी बाजारात अशी नाणी अनेकदा मोडीच्या भावाने जातात. १९७९ च्या आरंभी औंसाला सुमारे ६ डॉलर असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये ५० डॉलरच्या जवळ पोचली, तेव्हा स्मारक नाण्यांचे ढीग वितळवण्यात आले. त्यांवरच्या खेळाडूंपेक्षा आणि राजचिन्हांपेक्षा धातूच मोलाचा ठरला.

दर्शनी मूल्य धातूच्या किमतीहून फार चढे ठेवले, तर दुसराच धोका उभा राहतो. जपानने १९८६ मध्ये सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांनिमित्त २० ग्रॅम सोन्याचे १ लाख येनचे नाणे काढले. सोन्याची किंमत दर्शनी मूल्याच्या निम्म्याच्याही आत होती. त्यामुळे नकली नाणीही खऱ्या सोन्याची पाडता आली आणि ती मोठ्या संख्येने जपानी बँकांत पोचली. जपानसारख्या सक्षम देशाला हे झेपले, दुर्बळ खजिन्याला झेपले नसते.

नाणे पारखताना

जुन्या बाजारात वा वारशाने एखादे खेळाचे नाणे हाती आले, तर काही गोष्टी पाहाव्यात. नाण्यावरचे चलन त्या देशात खरोखर चालते का, हे आधी बघावे. सोमालियाचा डॉलर इथेच ओळखू येतो. त्या देशाचा त्या स्पर्धेशी काय संबंध, तो यजमान होता का, खेळला का, हे पुढचे. मग टांकसाळीची खूण बघावी. भारतीय नाण्यावर सालाखाली हिऱ्याची आकृती असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर इंग्रजी ‘बी’ किंवा ‘एम’ हे अक्षर असते. शेवटी धातू आणि वजन. १९८२ च्या १०० रुपयांच्या नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी आहे, म्हणून त्याची खालची किंमत चांदीच्या भावावरून लगेच काढता येते.

भारतात २०११ च्या नाणे कायद्याने स्मारक नाण्याची व्याख्या ठरवून दिली आहे. एक रुपया वा त्याहून अधिक किमतीची नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत. नाणी वितळवणे हा गुन्हा आहे. २००६ पासून देशातल्या चारही टांकसाळी केंद्र सरकारच्या मालकीच्या एका महामंडळाकडे आहेत. तेच स्मारक नाण्यांची मागणी नोंदवून घेते आणि संच विकते. अलीकडे ७५, १२५, ३५०, ५५० अशा अनियमित किमतींची, फक्त पेटीतली नाणी वारंवार निघू लागली आहेत. त्यांच्या जोडीला त्याच विषयाचे एखादे साधे चलनी नाणे काढण्याची जुनी पद्धत कायम ठेवणे गरजेचे आहे. सत्तरच्या दशकात परकीय चलनाला मोताद असलेल्या देशाने ती सांभाळली, तर आजच्या सरकारला ती सांभाळणे अवघड नाही.

एखाद्या देशाने आपले नाव धातूवर कोरून विकायला काढावे की नाही, याचे उत्तर त्याच्या गरजेवरून देता येणार नाही, कारण गरज सर्वांनाच असते. ते नाणे त्या देशातल्या दुकानात चालेल का, यावरून ते द्यावे. आशियाई स्पर्धेचे २ रुपयांचे नाणे या कसोटीला उतरते, श्रीलंकेचे ५ रुपयांचे नाणे उतरते, विषुववृत्तीय गिनीचा विश्वचषक उतरत नाही. परदेशी संग्राहकाने चांदीचे नाणे घेण्यात काही वावगे नाही. मात्र त्या नाण्याचा धाकटा भाऊ त्या देशातल्या सामान्य माणसाच्या खिशात असला पाहिजे.